'आधी'च्या रकान्यातली हाळी

परवा पुण्याहून मनूचा फोन आला. मनू म्हणजे आमची थोरली. तीही इंजिनिअर, तीही पाण्याच्याच वाटेला गेलेली. फरक एवढाच, की मी ट्रेसिंग पेपरवर घाम गाळत आठ दिवसांत जे करायचो, ते तिचा कॉम्प्युटर चहा निवायच्या आत करतो. उरण रोडच्या बाजूला भातखाचरांवर एक मोठी वसाहत व्हायची आहे. तिथे पडलेलं पावसाचं पाणी बांधकामाआधी किती वाहत होतं आणि बांधकामानंतर किती वाहील, असे दोन रकाने तिला भरायचे होते. 'नंतर' भरून झाला होता.

"बाबा, 'आधी'मध्ये काय टाकू? तुम्ही त्या काळात काय टाकायचात?"

"गॅसवर दूध आहे, मागाहून करतो," म्हणून मी फोन ठेवला. आमच्या घरात दूध तापवायचं काम लग्नापासून माझ्याकडे कधी आलेलं नाही, आणि हे मनूला चांगलं ठाऊक आहे.

बाहेर आषाढ संपत आला होता. आम्ही राहतो ती पनवेलची इमारतही कुणाच्या तरी खाचरावरच उभी आहे. चौथ्या मजल्यावरून पाऊस दिसतो भरपूर, पण त्याचा आवाज बदललाय. भातावर पडणारा पाऊस सगळीकडून एकसारखा कुजबुजल्यासारखा यायचा, आणि थांबला तरी खाचरांमधून बराच वेळ काहीतरी हळू बोलणं चालू असायचं. पत्र्यावर, फरशीवर, गाड्यांच्या टपांवर पडणारा पाऊस नुसता ओरडतो, आणि थांबला की एकदम गप्प. सगळा नळातून खाली गेलेला असतो.

आधी आणि नंतर. समजावून सांगायला मला नकाशाही लागत नाही. पंचविशीत माझ्या डोक्यावर एवढं रान होतं, की सर आली तरी टाळूला कळायला वेळ लागायचा. आता पहिला थेंब पडतो तो थेट भुवयांवर येऊन थांबतो. आमच्या सौ. म्हणतात, "तुमचं सगळं पाणी वाहूनच जातं, आत काही मुरतच नाही." हे त्या पावसाबद्दल म्हणतात असं मी समजून चालतो.

पण ही गोष्ट घडली त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांचा होतो, डोकं झाकलेलं होतं आणि आत काही मुरत नव्हतं.

नव्वदच्या पुढचीच ती वर्षं. पनवेलच्या बाजारामागे एका लाकडाच्या वखारीवर माडी होती, तिथे आमच्या साहेबांचं ऑफिस. खालून ओल्या सागवानाचा वास यायचा आणि वर नकाशांच्या छपाईच्या अमोनियाचा. त्यानं आम्हा सगळ्यांचे डोळे दिवसभर पाझरत असायचे. नवीन माणूस जिना चढून आला की दारातच चप्पल काढून हळू आवाजात विचारायचा, "कोण गेलं?" आसपासची गावं तेव्हा झपाट्यानं बदलत होती. डंपर लाल मुरूम आणून खाचरांत ओतत, भराव चढत जाई, आणि वाळलेल्या मुरमावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात. त्या प्लॉटांवरचं पावसाचं पाणी कुठून कुठे न्यायचं, हे मी ठरवायचो. घराण्यातला पहिला इंजिनिअर. गावात कुणाचा रेडिओ बिघडला तरी माझ्याकडेच आणत, आणि मी तो उघडून, गंभीर चेहऱ्यानं बघून, परत बंद करून देत असे.

गणित सोपं होतं. जमीन किती, पाऊस किती जोरानं पडतो, आणि पडलेल्यापैकी किती वाहून जातो, या तिघांचा गुणाकार. तिसरा आकडा पुस्तकातल्या तक्त्यातून घ्यायचा. डांबरी रस्ता, सिमेंटचं छप्पर, बाग, शेत. प्रत्येकापुढे एक आकडा. शेतापुढचा लहान, कारण शेत पाणी थांबवतं. मी तो 'आधी'च्या रकान्यात लिहिला आणि खाली पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. त्या रेघा अतिशय सुंदर आल्या होत्या.

ज्या जागेचं हे गणित होतं ती आमच्याच गावची होती. गव्हाणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव. डोंगराकडून खाडीकडे उतरत गेलेली खाचरं, आणि शेवटी खाडीचं खारं पाणी अडवणारा मातीचा मोठा बांध. वरची खाचरं विकली गेली होती. त्यात माझ्या वडिलांचंही होतं. खालची, बांधाला लागून असलेली, कुणाला नको होती. त्यात नानांचं होतं.

नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्याकडे गावची उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली पाण्याची वाट, तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. भरती आली की बाहेरच्या रेट्यानं झडप मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वर्षभर हे आपोआप चालतं. पण पावसाळ्यात अवसेचं किंवा पुनवेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की झडप मिटलेली ती मिटलेलीच, आणि डोंगराकडचं पाणी आत साठत जायचं. बाहेरून समुद्र, आतून पाऊस, आणि मधे बिचारा मातीचा बांध.

अशा वेळी नाना बांधावर चढायचे. डोक्यावर इरलं, कमरेला आखूड धोतर, तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ. आणि हाळी द्यायचे.

"तोंडां धरा रंऽऽऽ!"

प्रत्येक खाचराच्या बांधाला पाणी सोडायचं एक तोंड असतं. हाळी ऐकली की जो तो धावत जाऊन आपल्या बांधाचं तोंड पेंढा आणि चिखल घालून बुजवायचा. पाणी ज्याच्या त्याच्या खाचरात, भाताच्या गळ्यापर्यंत, निमूट उभं राहायचं. आणि माणूस ओरडायचा, "धरलाऽऽ!" जवळच्याचा आवाज आधी, मग त्याच्या वरच्याचा, मग पार डोंगराच्या पायथ्याचा, पावसातून चाळून आल्यासारखा बारीक. नाना एक कान त्या बाजूला करून अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायचे. एका हाताची बारा, दोन्ही हातांची चोवीस. चोविसावं पेर भरलं की बांधावरच खाली बसून विडी पेटवायचे. ओहोटी लागली की दुसरी हाळी, "सोडाऽऽ!" तोंडं सोडायची तीही आधी खालच्यांनी, मग वरच्यांनी, घाई न करता.

आमच्या खाचराचं तोंड धरायचं काम मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा माझ्यावर आलं. पेंढा वाहून गेला, चिखल पुरेना, आणि शेजारचा "धरला" म्हणून मोकळा झालेला. मग मी त्या तोंडात स्वतःच बसलो. बूड घट्ट बसलं, पाणी थांबलं, आणि मी छाती फुगवून ओरडलो, "धरलाऽऽ!" ओहोटीपर्यंत मला तसंच बसावं लागलं. पूरनियंत्रणासाठी स्वतःचं बूड वापरलेला इंजिनिअर माझ्याशिवाय दुसरा असेल असं मला वाटत नाही.

सांगायचं ते हे, की तक्ता म्हणत होता, शेताची माती पाणी थांबवते. आषाढात आमच्या खाचरांची चिकणमाती तुडुंब प्यायलेली असायची, ती काय थांबवणार कपाळ! पाणी चोवीस माणसं थांबवत होती. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्यात बसलो होतो. आणि तरी त्या दिवशी टेबलावर पुस्तक उघडलं तेव्हा मला ते आठवलं नाही. पुस्तकात हाळी नव्हती, म्हणून जमिनीवरही नव्हती.

पाणी कुठून न्यायचं याचा नकाशा होतोय हे कानावर आलं, तेव्हा नाना पनवेलला ऑफिसात आले. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा, आमच्या खाडीतला मानाचा मासा. आमच्याकडे सरकारी असो वा खाजगी, साहेबाकडे काम असलं की जिताडा घेऊन जायची रीत. आता साहेब पडले कट्टर शाकाहारी. माडीवर अमोनिया आणि जिताडा यांची गाठ पडली, तेव्हा साहेब रुमालामागून एवढंच म्हणाले, "यांना खुर्ची द्या. खिडकीजवळ."

नाना नकाशावर वाकले. गावचा माणूस नकाशात पहिलं आपलं घर शोधतो, तसं त्यांनी शोधलं. मग बोट वर सरकत गेलं आणि कोपऱ्यातल्या दोन रकान्यांपाशी थांबलं.

"बाला, ह्या काय?"

"हे 'आधी', नाना. म्हणजे खाचरं होती तेव्हा पाणी किती यायचं. आणि हे 'नंतर'."

"आनि ह्यांत माजी हाळी कुटं हाय?"

मी हसलो. आयुष्यातली बरीच हसणी परत घ्यावीशी वाटतात. माणूस गमत्या असला की त्यांची संख्या मोठी असते. पण एकच परत मिळणार असेल तर मी ते मागेन.

"हाळी मोजता येत नाही, नाना."

"मी तं दर उदानाला मोजतंय," नाना म्हणाले आणि अंगठा पेरांवरून फिरवून दाखवला. "चोवीस. वरची बावीस तुमी मुरमानं भरलीव. आता पानी कोन धरल? मानसा नसली तं नसली, दुसरा कायतरी बसव. पन बसव बाबा. नायतं बांद राहाचा नाय."

तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. मी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, की आपण 'आधी' चुकीचं धरलंय. उधाणाच्या वेळी शेतकरी पाणी अडवून ठेवतात, तेवढं पाणी थांबायला वसाहतीत एखादं तळं द्यायला हवं.

"केवढं?" साहेब म्हणाले. मी पेन्सिलीनं नकाशावर गोल काढला.

"हे कोपऱ्याचे प्लॉट आहेत."

"हो."

"आणि हे शेतकरी पाणी अडवतात, ते कुठल्या पुस्तकात दिलंय?"

साहेब वाईट नव्हते. त्यांनी खरंच विचारलं होतं. मी म्हणू शकलो असतो, साहेब, पुस्तकात नाही, खिडकीजवळच्या खुर्चीत आहे. मी म्हटलं, "कुठल्याच नाही." मग खोडरबरानं तो गोल पुसला. ट्रेसिंग पेपरवरून पेन्सिल फार स्वच्छ पुसली जाते.

नाना बशीतून चहा पीत होते. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. खालच्या पायरीवरून त्यांनी वर बघितलं.

"बसवशील ना?"

"बघतो, नाना."

आपल्या भाषेत 'बघतो' म्हणजे काय, हे लग्नाच्या मुली, भाडेकरू आणि बायको यांना बरोबर कळतं. नानांना नाही कळलं. घरच्या पोरानं बघतो म्हटलं म्हणजे तो बघणार. जाताना ते म्हणाले, "सायबाला सांग, ताजा हाय. आजच कापा." तो मासा शिपायानं घरी नेला. गोणपाटातून त्याचा एक डोळा बाहेर होता.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. दिव्याची अवस होती, म्हणून मी गावी गेलो होतो. मोठीआईनं, म्हणजे नानांच्या बायकोनं, दिवे घासूनपुसून पाटावर मांडले होते, आणि घरभर कणकेच्या उकडलेल्या दिव्यांचा गोड वास होता. जेवणं झाली. सकाळपासून लागलेला पाऊस दुपारी अंगात आल्यासारखा कोसळायला लागला. नाना हात धुताधुताच दाराबाहेर बघत होते. म्हणाले, "भरती लागली," आणि इरलं उचललं. मी छत्री घेऊन मागे गेलो. बांधावर वाऱ्याच्या पहिल्याच झोतात ती उलटी झाली, आणि मग मी तिला काठीसारखी धरून उभा राहिलो.

झडप मिटली होती. बाहेर खाडी बांधाच्या गळ्याशी आलेली, आत पाणी चढत चाललेलं. नानांनी तोंडाभोवती ओंजळ केली.

"तोंडां धरा रंऽऽऽ!"

"धरलाऽऽ!" शेजारच्या खाचरातून.

"धरलाऽऽ!" त्याच्या पलीकडून.

मग काही नाही. नानांचा अंगठा दुसऱ्या पेरावर होता. त्यांनी कान वर, भरावाकडे केला. तिथे पावसात लाल मुरूम चकाकत होता, नवे रस्ते होते, मी काढलेल्या रेघांवर बांधलेली सरळ गटारं होती. माणूस एकही नव्हता. नानांनी पुन्हा हाळी दिली. मग माझ्याकडे वळले. पावसात डोळे बारीक करून, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

"तू बसवलंस ना तिकडं कायतरी? मंग धरत का नाय?"

"नाही बसवलं, नाना."

 अंगठा दुसऱ्या पेरावर तसाच राहिला.

मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. का बघितलं कोण जाणे, सवय. वरच्या टोकाचा थेंब खाली पोचायला आधी केवढा वेळ लागायचा आणि नंतर किती थोडा लागेल, तेही मी काढलं होतं. आणि बरोबर तेवढ्या वेळात ते आलं. खाचरांचं पाणी काळपट असतं, सावकाश येतं, वाटेत बेडकांना वाट देतं. हे लाल होतं, आणि धावत आलं. माझं 'नंतर'चं गणित मिनिटाला मिनिट बरोबर होतं. एवढं बिनचूक उत्तर मला पुढे नोकरीत पुन्हा कधी आलं नाही.

उघाडीच्या डाव्या हाताला बांध आधी घामेजला, मग त्यातून एक बोटभर धार निघाली. मी छत्री टाकून धावलो. आणि आता जे सांगतो ते ऐकून आमचे घरचे अजून हसतात, मीही हसतो. मी त्या भगदाडात बसलो. ऑफिसची पँट, पायात बूट, खिशात पेन. अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर. मला खरोखर वाटलं, थांबेल.

काखेत हात घालून नानांनी मला उपसून वर काढलं. "उठ, बाला. ह्या तुज्या बुडाचा काम नाय." म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही बाजूला झालो आणि बांधाला खांड गेली. बांध फुटताना मोठा आवाज होतो असं मला वाटायचं. दमलेला माणूस भिंतीला टेकून खाली बसतो तसा तो बसला. खाडी आत शिरली. उभं भात आधी डोललं, मग दिसेनासं झालं. नानांच्या घराच्या ओटीवर पाटावरचे दिवे तरंगायला लागले तेव्हा मोठीआई ते पदरात वेचत होती.

माणसं वाचली, घर वाचलं. खारं पाणी मुरलेल्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं भात उगवत नाही, ते उगवलं नाही. पूर्वी खांड गेली की घरटी एक माणूस यायचा आणि सगळे चिखलाचे गोळे हातोहात देऊन बांध पुन्हा उभा करायचे. त्या वर्षी हाक घातली तेव्हा पाच जण आले. बाकीच्यांची खाचरं आता प्लॉट होते; त्यांना बांध कशाला हवा? पाच जणांनी चार दिवस चिखल टाकला. पुढच्या उधाणानं तो नेला. मग हळूहळू खाचरांत खेकडे आले, चिपीची खारफुटी आली.

नानांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी बरा असतो. ते एवढंच करायचे, की अवस-पुनव आली की इरलं घेऊन उघाडीवर जाऊन बसायचे. दोन्ही बाजूंना आता तीच खाडी होती, आणि मधे ती झडप भरतीला मिटायची, ओहोटीला उघडायची. मोठीआई करवादायची, "आता कशाला जातंस? काय ऱ्हायलंय आत?"

"झडप हाय ना," नाना म्हणायचे.

पुढे एका हिवाळ्यात ते गेले. पाण्याशी काही संबंध नाही, छातीचं दुखणं. शेवटचे दोन दिवस बोलत नव्हते. मी उशाशी बसलो होतो. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे जायला धजत नव्हतं म्हणून हाताकडे होतं. अंगठा बोटांवरून मधूनमधून फिरायचा. किती झाली ते मी मोजलं नाही. माझी भीती तुम्हाला कळेल.

परवा मनूला मी पुन्हा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तिकडे कीबोर्डची टकटक झाली. मग म्हणाली, "बाबा, याला रकाना नाहीये."

"ठाऊक आहे मला."

"मग काय लिहू?"

"तिथे जा," मी म्हटलं. "उधाणाच्या दिवशी. आणि कोण काय ओरडतं ते ऐक. कुणी उरलं असेल तर." ती जाईन म्हणाली. बघते म्हणाली नाही.

काल अवस होती. दुपारी पाऊस चढला, भरतीची वेळ मी सवयीनं पाहून ठेवलेली. सौ. आत दिवे घासत होत्या. मी बाल्कनीत गेलो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मीच. बाल्कनीतून मोठ्यानं बोलू नये अशी नोटीस माझ्याच सहीची खाली लावलेली आहे. तरी मी तोंडाभोवती ओंजळ केली आणि, फार मोठ्यानं नाही, हाळी दिली.

समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीची काच सरकली आणि बंद झाली. खाली वॉचमननं छत्री मागे करून वर बघितलं, हात हलवला, आणि पुन्हा खुर्चीत बसला. मी कान तिकडे करून उभा राहिलो. अंगठा पहिल्या पेरावर आपोआप गेला होता.

मग खाली रस्त्यावरून, गेटाच्या आत पाणी आलं. वेळेवर आलं.